देगाच्या मेणमूर्ति आणि त्यांच्या ब्राँझ-प्रती

ग्रंथकर्त्यानें स्वतः कधीं पुरा न केलेला, ज्यास त्यानें नांव दिलें नाहीं, तारीख घातली नाहीं व जो हयातींत लोकांपुढें ठेवला नाहीं, असा ग्रंथ त्याच्या मरणानंतर वारसांनीं छापवून विकला, तर तो कोणाचा समजावयाचा? जुनीं दप्तरें व पोथ्या धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न अपरिचित नाहीं. कर्त्याचा खर्डा एकीकडे, त्यावरून नकलाकारानें उतरलेली प्रत दुसरीकडे, आणि त्या प्रतीवरून निघालेल्या वीस-बावीस नकला देशभर पसरलेल्या, अशी स्थिति आपण पदोपदीं पाहतों. खर्डा सांपडेपर्यंत सर्व चर्चा नकलांवरच चालते. तो सांपडला म्हणजे पुष्कळ पांडित्य वायां गेल्याचें ध्यानांत येतें. अशीच एक हकीकत कागदाची नसून मेणाची व धातूची आहे. ती आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

हिचा नायक फ्रान्सचा चित्रकार एडगार देगा हा होय. जन्म पॅरिस येथें १९ जुलै १८३४ रोजीं, मृत्यु त्याच शहरीं २७ सप्टेंबर १९१७ रोजीं. (ह्या नांवाचा फ्रेंच उच्चार 'दगा' ह्याच्या जवळ जातो, परंतु तसें लिहिलें असतां मराठी वाचक आरंभापासूनच बिचाऱ्याकडे संशयानें पाहूं लागेल, म्हणून आम्ही 'देगा' हें रूप पत्करलें आहे.) नाटकगृहांतील नर्तकी, शर्यतीचे घोडे व स्नान करणाऱ्या स्त्रिया हे त्याचे आवडते विषय. त्याचीं तैलचित्रें व रंगीत खडूचीं चित्रें जगप्रसिद्धच आहेत. पण ज्या छोट्या ब्राँझ-मूर्तींवर त्याचें नांव कोरलेलें आज पॅरिस, न्यूयॉर्क, कोपनहेगन व साओ पावलो येथील संग्रहालयांत दिसतें, त्यांपैकीं एकही त्यानें स्वतः ओतविलेली नाहीं. त्यानें सुमारे चाळीस वर्षें मेणांत व मातींत काम केलें. ब्राँझला त्याच्या हयातींत हात लागला नाहीं. ह्या विसंगतीचा उलगडा करणें हाच आमचा उद्देश आहे. ह्या मूर्ति आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेल्या नाहींत. संग्रहालयांनीं प्रसिद्ध केलेल्या सूच्या, छायाचित्रें व परीक्षणांचे वृत्तान्त एवढ्यावरच आमची भिस्त आहे. वाचकांनीं ही मर्यादा ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

चित्रकारानें मूर्तिकामाकडे वळण्याचें पहिलें निमित्त घोडा हें दिसतें. देगाचा एक मित्र जोझेफ क्युव्हेलिए हा मेणाचे लहान लहान घोडे घडविण्यांत निष्णात होता. तो १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत मारला गेला. देगाचे आरंभींचे घोडे त्याच्याच संगतीचें फळ असावें असें जाणते लोक म्हणतात, व तें आम्हांस संभवनीय वाटतें. त्याच युद्धाच्या वेळीं पॅरिसच्या बचावासाठीं नांव नोंदवून बंदूक हातीं घेतली असतां आपली दृष्टि अधू असल्याचें देगाच्या प्रथम लक्षांत आलें. पुढें ही व्याधि वाढतच गेली. मेण मळणें हा आंधळ्याचा धंदा आहे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार नमूद आहेत. डोळे कमी पडूं लागले तेव्हां बोटांनीं पाहण्याचा मार्ग त्यानें जवळ केला, हें खरें. पण डोळे बरे होते तेव्हांही तो मेण हाताळीत होता, तेव्हां केवळ अंधत्वानें सर्व उलगडा होत नाहीं.

हयातींत त्यानें लोकांपुढें ठेवलेली मूर्ति एकच, ती म्हणजे 'चौदा वर्षांची नर्तकी'. इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारांच्या १८८० सालच्या प्रदर्शनाच्या सूचींत तिचें नांव छापलें गेलें, परंतु मूर्ति आली नाहीं. पुढील वर्षीं, १८८१ च्या एप्रिलांत, प्रदर्शन उघडल्यावरही कांहीं दिवस तिची कांचेची पेटी रिकामीच उभी होती. मग एके दिवशीं ती आंत उभी राहिली. उंची सुमारें एक मीटर. अंग रंगविलेल्या मेणाचें. डोक्याला खऱ्या केंसांचा टोप, अंगांत खरी चोळी, कमरेला जाळीदार कापडाचा खरा झगा, पायांत खरे कापडी जोडे, वेणीला रेशमी फीत. केंस, चोळी व जोडे यांवर मेणाचा पातळ लेप दिलेला. जिच्यावरून ती घडविली ती मारी व्हान गेथेम नांवाची, बेल्जियममधून आलेल्या गरीब कुटुंबांतील मुलगी पॅरिसच्या ऑपेरांत नाचाचें शिक्षण घेत होती. तिचा जन्म १८६५ सालचा. पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ही मूर्ति किळसवाणी वाटली. ही कलेच्या प्रदर्शनांत नको, शरीरशास्त्राच्या संग्रहालयांत ठेवा, अशा तऱ्हेचे टोमणे वृत्तपत्रांतून निघाले. ह्युइस्मान्स ह्या लेखकानें मात्र मूर्तिकलेंत अलीकडे झालेला खरोखर नवा असा हा एकच प्रयत्न आहे, असा अभिप्राय दिला. आम्हांस ह्या वादांत एका गोष्टीचें नवल वाटतें. जिला खरें वस्त्र नेसविलें आहे, खरे केंस लावले आहेत, अशी मूर्ति आपल्याकडे घरोघरीं व देवळोदेवळीं आहे; देवाला उन्हाळ्यांत चंदनाची उटी व थंडींत शाल देणाऱ्या माणसाला त्यांत कलेचा भ्रष्टाकार दिसला नसता. पॅरिसच्या टीकाकारांस संगमरवराच्या नग्न देवतांची संवय. त्यांना सुती चोळी खुपली.

ह्यानंतर देगानें मूर्ति अशी पुन्हां प्रदर्शनांत मांडली नाहीं. परंतु काम थांबविलें नाहीं. उलट त्याच्या उत्तर आयुष्यांत तें वाढलेलें दिसतें. खोलीच्या कोपऱ्यांत, लोकांच्या नजरेआड, तो एकच ठाण पुन्हां पुन्हां घडवीत असे. उजव्या पायाचा तळवा वळून पाहणारी नर्तकी त्यानें चार वेळां तरी केली. एका पायावर तोल सांवरून दुसरा पाय मागें ताणण्याच्या मुद्रेच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या त्यानें निरनिराळ्या मूर्तींत पकडल्या. ह्या मूर्ति बहुधा वीतभर ते हातभर उंचीच्या. १८८९ च्या सुमाराची 'न्हाणींतील स्त्री' ही तर पाहण्यासारखी युक्ति आहे: मेणाची बाई, शिशाच्या पत्र्याचें गोल टोपलें, आणि खालीं गिलाव्यांत भिजविलेल्या चिंध्यांची बैठक. अंगाची वळकटी मारून पाण्यांत पहुडलेली ही आकृति वरून पाहावयाची आहे, समोरून नव्हे. म्हणजे मूर्तिकारानें नव्हे, चित्रकारानेंच योजलेली.

ह्या कामाची रीत कशी होती? धंदेवाईक मूर्तिकार आधीं लोखंडी सांगाडा नीट मोजून बांधतो. देगा हातीं लागेल ती तार वांकवून तीवर मेण व न वाळणारी माती चढवी. आंत भर म्हणून दारूच्या बाटल्यांचीं बुचें, लांकडाचे तुकडे, दोऱ्या असें कांहींही घालीत असे. क्ष-किरणांनीं घेतलेल्या छायाचित्रांत हीं बुचें स्पष्ट दिसतात. कांहीं मूर्तींत तीं हलकीं असल्यामुळें मेणांतून वर येऊन पृष्ठभागच फोडून बसलीं आहेत. चौदा वर्षांच्या नर्तकीच्या पोटांत शिशाची नळी, दोर व तारा आणि तिच्या हातांत चक्क रंगाचे कुंचले निघाले. चित्रकारानें मूर्तीच्या हाडांच्या जागीं कुंचले घालावे, ह्याहून त्याची जात सांगणारी खूण दुसरी कोणती हवी? अशा सांगाड्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. मूर्ति कलत, हात गळत, कधीं सबंध आकृतीच कोसळे. १९१९ सालीं एका फ्रेंच मासिकांत पोलिन नांवाच्या मॉडेलची हकीकत प्रसिद्ध झाली. म्हाताऱ्या देगापुढें एका पायावर तासन् तास उभें राहणें, त्याची चिडचिड, आणि घडत आलेली आकृति डोळ्यांदेखत ढांसळणें, याचें त्यांत मोठें करुण वर्णन आहे. शेजारीं राहणाऱ्या मूर्तिकार मित्रांचा, विशेषतः आल्बेर बार्तोलोमे याचा सल्ला त्यास उपलब्ध असतां त्यानें तो बहुधा मानला नाहीं. आमच्या मतें हा अडाणीपणा नव्हता, हट्ट होता. पक्का सांगाडा घातला कीं ठाण पक्कें झालें. देगाला तें मध्येंच बदलावयाची मोकळीक पाहिजे होती.

आपण हें कां करितों, ह्याविषयीं त्याचें स्वतःचें म्हणणें तिएबो-सिसों ह्या पत्रकारानें टिपून ठेवलें आहे. १८९७ मधील संभाषण, प्रसिद्ध झालें १९२१ सालीं. म्हणजे मध्यें चोवीस वर्षें गेलीं, तेव्हां शब्दशः घेण्याचें कारण नाहीं. तात्पर्य एवढें कीं, चित्रांत अधिक जोम व जीव यावा म्हणून हा हाताचा सराव आहे, विक्रीसाठीं नाहीं. चित्रांचा व्यापारी व्होलार याचीही अशीच साक्ष आहे: ब्राँझ हें अनंतकाळ टिकणारें द्रव्य, त्यांत आपलें कांहीं मागें ठेवण्याची जबाबदारी आपणांस पेलणार नाहीं, असें देगा म्हणे, आणि पुष्कळ वेळां मोडून घडविलेली एक नर्तकी आतां ओतावयास जाणार असें वाटत असतां दुसऱ्या दिवशीं तिचा गोळा झालेला दिसला. व्होलार हा गोष्टीवेल्हाळ मनुष्य होता हें खरें. पण त्याच्या कथेस एक मूक पुरावा आहे. १९०० च्या सुमारास देगानें तीन मूर्तींचे गिलाव्याचे ठसे करविले व तेथेंच तो थांबला. गिलाव्यापर्यंत गेलेल्या माणसास ब्राँझ एक पाऊल पुढें होतें. पैशाची वाण नव्हती, ओतारी पॅरिसमध्यें हवे तितके होते. तें पाऊल त्यानें टाकलें नाहीं.

१९१२ सालीं राहतें घर पाडलें जाणार म्हणून त्यास तें सोडावें लागलें. मग हातून फारसें काम झालें नाहीं. मृत्यूनंतर चित्रशाळेची यादी झाली तेव्हां मेणाच्या व मातीच्या सुमारें दीडशें आकृति आढळल्या. बऱ्याचशा तुकडे तुकडे झालेल्या, कित्येक केवळ धूळ. १३ मे १९१८ रोजीं वारसांनीं एब्रार ह्या पॅरिसच्या ओतकामाच्या कारखानदाराशीं करार केला. निवडीचें काम बार्तोलोमेकडे आलें. ओतण्याजोग्या म्हणून बहात्तर लहान मूर्ति निवडण्यांत आल्या, नर्तकी वेगळी. ओतण्यास आरंभ झाला १९१९ सालीं. (त्याच वर्षीं, १ एप्रिल रोजीं, पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्तें झाला. दोन्ही कामांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. पण पुढें जें लिहावयाचें आहे तें लिहितांना हा योग आमच्या मनांतून जाईना.)

ओतण्याची ही रीत आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नसावी, तरी दोन शब्द लिहितों. मेणास संस्कृतांत मधूच्छिष्ट म्हणतात; मधमाशीच्या मधाचें उष्टें तें मेण. मेणाची मूर्ति करून तिला नळ्या लावावयाच्या, मऊ मातीचे थरावर थर देऊन सावलींत वाळवावयाचे, भट्टींत मेण गाळून टाकावयाचें व त्या पोकळींत रस ओतावयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा भूलोकमल्ल सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत ही क्रिया अशीच सांगितली असून मेणाच्या वजनावरून धातूचें वजन काढण्याचा नियमही दिला आहे. ग्रंथाचा पहिला भाग श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला १९२५ सालीं बडोद्याहून निघाला. ह्या रीतींत मूर्ति मिळते पण मेण जातें. एका मेणापासून एकच मूर्ति. सोमेश्वराच्या ओताऱ्यास त्याचें कांहींच वाटलें नसतें, कारण मेण हें त्याचें साधन होतें. देगाच्या बाबतींत मेण हेंच मूळ होतें, तें गाळणें म्हणजे स्वाक्षरीचा खर्डा जाळून त्याच्या उजेडांत नक्कल करण्यासारखें झालें असतें.

येथें एब्रारच्या कारखान्यांतील मुख्य ओतारी आल्बिनो पालात्सोलो ह्या इटालियन कारागिराची गांठ पडते, आणि आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांत मानाचें पान त्याला वाढलें पाहिजे. त्यानें मूळ मेण भट्टींत घातलें नाहीं. मोडलेलें सांधून त्यावरून जिलेटिनचा लवचिक साचा काढला, त्या साच्यांत दुसरी मेणमूर्ति केली, व ती गाळून ब्राँझची पहिली प्रत ओतली. ह्या प्रतीवर 'मोदेल', म्हणजे आदर्श, अशी अक्षरें घातलीं. पुढच्या सर्व प्रती मूळ मेणावरून नव्हे, तर ह्या ब्राँझच्या आदर्शावरून साचे काढून ओतल्या. प्रत्येक मूर्तीच्या बावीस प्रती ठरल्या: वीस विकण्याच्या, त्यांवर ए पासून टी पर्यंत अक्षरें, एक वारसांची व एक ओतकारखान्याची, त्यांवर निराळ्या खुणा. मूर्तीचा क्रमांक, अक्षर, कारखान्याचा शिक्का व देगाचें नांव बैठकीवर उमटविलें. १९२१ सालीं पॅरिसमध्यें त्या प्रथम लोकांपुढें आल्या. 'ए' अक्षराचा सबंध संच अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसॅट हिच्या मध्यस्थीनें लुइसीन हॅव्हमायर ह्या बाईंनीं घेतला व तो १९२९ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. 'पी' संच पॅरिसला आहे, 'आर' कोपनहेगनला.

पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर वंशवृक्ष असा: मूळ मेण, त्यापासून एकच आदर्श, आदर्शापासून बावीस नकला. नकला एकमेकींशीं कितीही जुळल्या तरी त्यांच्या एकमताला स्वतंत्र मोल नाहीं. बावीस साक्षीदार एकाच तोंडचें ऐकून आलेले. हा नियम संस्कृत ग्रंथांच्या संपादनांत आपण पाळतों. परंतु १९२१ पासून पुढें चौतीस वर्षें देगाच्या मूर्तिकलेवर जें कांहीं लिहिलें गेलें, तें जवळ जवळ सर्व ह्या नकलांच्या आधारें. मेण गळून गेलें असा सर्वांचा समज होता. ह्या ओतकामास फ्रेंच भाषेंत 'गमावलेलें मेण' असेंच नांव आहे, आणि विद्वानांनीं नांवावर विश्वास ठेवला. कारखान्याच्या तळघरांत जाऊन पाहावें असें कोणास वाटलें नाहीं. १९५५ सालीं तीं मेणें, जवळ जवळ सर्व, एब्रारच्या तळघरांत ठेवलेलीं निघालीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कला त्यांचें प्रदर्शन झालें. पॉल मेलन ह्या संग्राहकानें तीं घेतलीं व कांहीं हयातींत, कांहीं मृत्युपत्रानें बहुतेक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयास दिलीं. चौदा वर्षांची नर्तकी १९९९ सालीं तेथें गेली. कांहीं थोडीं मेणें पॅरिसला परत आलीं. ह्यानंतर एकवीस वर्षांनीं, १९७६ सालीं, दुसरा दुवाही उजेडांत आला: 'मोदेल' अक्षरांचा ब्राँझ-संच लंडनमध्यें दाखविण्यांत आला व नॉर्टन सायमन यानें तो घेऊन कॅलिफोर्नियांतील पासाडीना येथें ठेवला. आधीं नकला, मग मूळ, आणि शेवटीं आदर्श, असा उलटा क्रम!

आदर्श सांपडल्यावर त्याची व नकलांची मापें ताडून पाहण्यांत आलीं. ब्राँझ थंड होतांना शेकडा दीड ते दोन आकसतें. म्हणून प्रत्येक पिढींत मूर्ति किंचित् लहान होते, व नकला आदर्शाहून खरोखरच लहान भरल्या. अक्षर पुसलेली प्रत कोणत्या पिढीची हें मोजपट्टीनें सांगतां येतें, ही सोय आम्हां पोथीवाल्यांस कधीं लाभली नाहीं. लाभती तर कितीतरी भांडणें मिटतीं. आदर्शावर बोटांच्या खुणा, भेगा, सुरीचे चरे हे स्पष्ट आहेत. नकलांत ते बोथटले आहेत. शिवाय रंग. देगाचीं मेणें तांबूस, पिंवळसर, काळपट, हिरवट अशीं नाना छटांचीं, एकाच मूर्तींत दोन तीन मिसळलेलीं. ब्राँझला तो मेळ आणतां येत नाहीं.

मग मेण हातीं आल्यावर ब्राँझ टाकून द्यावयाचें काय? तसें मात्र नाहीं, व येथें घाईच्या संपादकानें थांबावें. मेण १९१९ सालीं होतें तसें राहिलेलें नाहीं. ओतण्यापूर्वीं त्याची डागडुजी झाली, पुढें तळघरांत इतकीं वर्षें गेलीं. मृत्यूनंतर लवकरच घेतलेलीं छायाचित्रें आहेत. त्यांत कांहीं मूर्तींना बाहेरून आधाराच्या सळया दिसतात, हात वेगळे वळलेले दिसतात. ब्राँझ बळकट, तें एका चवड्यावर उभें राहतें, त्यास सळई नको. म्हणून ती गेली. पण मेणाच्या नर्तकीला ती हवी होती, व घडविणारा माणूस ती रोज पाहत होता. कोणत्या अवयवाचें वळण देगाचें व कोणतें सांधणाऱ्याचें, हें ठरवावयास छायाचित्र, आदर्श व मेण हे तिन्ही साक्षीदार लागतात. जेथें मेण मागाहून तुटलें आहे तेथें आदर्शच जुना पाठ राखून आहे.

कालनिर्णयाचेंही असेंच. एकाही लहान मूर्तीवर तारीख नाहीं. जीं नांवें आज चालतात तीं देगानें दिलेलीं नसून बहुतेक विकणाऱ्यांच्या सूचींतून आलेलीं आहेत. तेव्हां अंतर्गत पुराव्यावर भागवावें लागतें. त्यांतल्या त्यांत बळकट आहे तो घोड्यांचा. भरधांव घोड्याचे पुढचे पाय पुढें व मागचे मागें ताणलेले काढण्याची चित्रकारांची जुनी चाल. जेरिकोच्या १८२१ मधील एप्समच्या शर्यतीच्या प्रसिद्ध चित्रांत सारे घोडे असेच अधांतरीं उडत आहेत. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिजनें क्षणाक्षणाचीं छायाचित्रें घेऊन दाखविलें कीं धांवत्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हां ते ताणलेले नसून पोटाखालीं गोळा झालेले असतात. हीं छायाचित्रें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॅरिसच्या 'ला नात्यूर' ह्या शास्त्रीय नियतकालिकांत आलीं. आणि १८८७ सालीं निघालेल्या मायब्रिजच्या मोठ्या संग्रहावरून देगानें काढलेलीं रेखाचित्रें आजही आहेत. तेव्हां ज्या मेणाच्या घोड्याचे पाय नव्या ज्ञानाप्रमाणें पडले आहेत, तो १८७८ च्या पूर्वींचा नाहीं, असें म्हणतां येईल. मात्र ही फक्त एका बाजूची मर्यादा झाली. पुढची मर्यादा घोडा सांगत नाहीं, आणि उभ्या, शांत घोड्यांविषयीं हा पुरावा मुकाच आहे. कांहीं सूच्यांत प्रत्येक मूर्तीपुढें साल छापलेलें असतें. तें 'सुमारें' ह्या शब्दासकट वाचावें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ब्राँझचा पक्ष घेणारे म्हणतात कीं ओतल्या नसत्या तर ह्या मूर्ति जगास कळल्याच नसत्या, व वारसांचा हक्क कायद्यानें निर्वेध होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. चित्रशाळेंतील दीडशांपैकीं निम्म्या आधींच मातीस मिळाल्या होत्या. उरलेल्यांची तीच गत होण्यास उशीर लागला नसता. पालात्सोलोनें गुळगुळीत करण्याचा मोह आवरला, बोटांचे ठसे व भेगा तशाच ठेवल्या, हा त्याचा मोठा संयम. आपल्याकडे बखर छापतांना भाषा 'शुद्ध' करणारे संपादक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्यापुढें हा ओतारी थोर म्हटला पाहिजे. आमचा आक्षेप ओतण्यास नाहीं. बैठकीवर जें 'देगा' हें नांव कोरलें आहे तें ज्याचें नांव त्यानें कोरलेलें नाहीं, आणि कित्येक पाट्यांवर नुसतें त्याचें नांव व १८८० असें साल घालतात, यास आहे. पुष्पिका नकलाकाराची असतां ती कर्त्याची म्हणून वाचली, तर शके चुकतोच. ती प्रत १९२० नंतरची, पालात्सोलोच्या हातची, बार्तोलोमेच्या निवडीची, हें पाटीवर आलें पाहिजे.

चौदा वर्षांच्या नर्तकीवर हा अन्याय सर्वांत अधिक झाला. तिच्या ब्राँझ-प्रती पंचवीसहून अधिक आहेत. त्यांत मेण, केंस, चोळी, जोडे सगळें एकाच धातूचें झालें. झगा व फीत तेवढीं कापडाचीं राहिलीं. झगा जुना झाला कीं संग्रहालयें तो बदलतात, कोणी गुडघ्यापर्यंत करितें, कोणी आंखूड. १८८१ सालीं पाहणारे ज्यानें दचकले तें हाडामांसासारखें मेण व त्यावरचे खरे केंस, हाच पाठ ब्राँझमध्यें गळाला आहे. २००९ सालीं अथेन्समध्यें एका निराळ्याच गिलाव्याच्या संचावरून ओतलेल्या ब्राँझ-मूर्तींचें प्रदर्शन झालें. त्यांतील नर्तकीचें ठाण वॉशिंग्टनच्या मेणाहून वेगळें आहे. हेंच १८८१ चें मूळ रूप, असें पुरस्कर्त्यांचें म्हणणें. बहुतेक जाणत्यांनीं तें मानलें नाहीं, व आम्हांसही मानवत नाहीं: जो साक्षीदार इतक्या उशिरां पुढें येतो त्यानें आधीं इतकीं वर्षें कोणाकडे होतों तें दाखवावें. पोथीचा मालकीक्रम तुटला असतां आपण जो नियम लावतों तोच येथें लावावा, म्हणजे झालें.

निवडींतून सुटलेली एक मूर्ति सांगून हा लेख पुरा करितों. डोक्याला टोपी, काखेंत पुस्तकें, अशी चाललेली 'शाळकरी मुलगी' एब्रारच्या पहिल्या बहात्तरांत नव्हती. ती मूळ मेणें उजेडांत आल्यानंतरच, १९५० नंतरच्या दशकांत, ब्राँझमध्यें उतरली. म्हणजे घडविणाऱ्या हाताच्या मरणानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं. तिच्यासारख्या ह्या साऱ्या प्रतींवर जे आंगठ्याचे ठसे दिसतात ते देगाच्याच आंगठ्याचे, यांत शंका घेण्याचें कारण नाहीं. मात्र ज्या बहात्तर मूर्ति आदर्शावरून उतरल्या त्यांच्या विकलेल्या प्रतींवर तो आंगठा धातूबरोबर दोन वेळां आकसला आहे, आणि त्याच्या खऱ्या आंगठ्याहून लहान भरतो.